पाणी आटताना

बीडहून परळीकडे निघालेला रस्ता वडवणी ओलांडून तेलगावात येतो आणि तिथे माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता त्याला छेदतो. गावाची ओळख सोळंके सहकारी साखर कारखान्यामुळे, पाण्याची आशा सिंदफणेवरच्या माजलगाव धरणामुळे आणि स्वभाव मराठवाड्याच्या बाकी गावांसारखाच, म्हणजे आभाळाकडे बघणारा. पाऊस पडला की रस्त्याकडेच्या चरांत, मुरमाच्या खदानींत, ओढ्याच्या डोहांत पाणी साठतं आणि त्यावर शेवाळ धरतं. होळीनंतर ते पाणी झपाट्याने हटतं, चैत्रात चिखलाला भेगा पडतात, वैशाखात त्या जागी धूळ उडते. पुढच्या मृगात पुन्हा पाणी आलं की आठ-पंधरा दिवसांत डबकं पुन्हा हिरवं होतं. तेच शेवाळ, तीच जागा.

मधल्या कोरड्या महिन्यांत ते कुठे होतं, या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची दीडशे-दोनशे वर्षं गेली. त्या शोधात एक पाद्री, एक आयसीएस अधिकारी, मुंबईच्या एक प्राध्यापिका आणि विसाव्या शतकातला एक मोठा वैज्ञानिक घोटाळा हे सगळे येतात.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. पाणी, ऊन आणि नत्र मुबलक असेतो हिरवं शेवाळ जोडीदाराच्या फंदात पडत नाही. पेशी फुटते, एकाच्या दोन होतात, दोनाच्या चार. परिस्थिती बिघडली की मात्र दोन पेशी एकत्र येतात आणि त्यांची एकच पेशी होते. हिशेब केला तर यात संख्या वाढत नाही, निम्मी होते. पण त्या एका पेशीभोवती जाड, चिवट कवच तयार होतं. शेतकरी दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन बियाणं राखून ठेवतो, तशीच ही पेशी वाळलेल्या चिखलात पडून राहते. पाणी परत आलं की तिच्यात अर्धगुणसूत्री विभाजन होतं, दोन्ही पालकांचे गुण नव्याने वाटले जातात आणि नवी पिढी बाहेर पडते. माणसाच्या दृष्टीने लैंगिक प्रजनन म्हणजे वंशवृद्धी. शेवाळाच्या दृष्टीने ती टंचाईची तजवीज आहे.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं जिनिव्हाच्या ज्याँ-पिएर व्होशे यांनी. ते धर्मोपदेशक होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञही. 1803 मध्ये गोड्या पाण्यातल्या तंतुमय शेवाळांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. आज आपण ज्याला स्पायरोगायरा म्हणतो, त्याचे दोन तंतू शेजारी येऊन एकमेकांना जोडले जातात, एका तंतूतला ऐवज दुसऱ्यात जातो आणि तिथे तयार झालेल्या गोळ्यातून पुढे नवा तंतू उगवतो, हे त्यांनी नोंदवलं.

हा प्रकार महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो. तळ्यावरचा बुळबुळीत हिरवा पुंजका चिमटीने उचलून काचपट्टीवर पसरायचा. नेहमीच्या दिवसांत लांबच लांब तंतू दिसतात आणि प्रत्येक पेशीत हरितलवकाची हिरवी फीत मळसूत्री वळणं घेत गेलेली असते. पाणी उतरू लागल्यावरचा नमुना वेगळा असतो. दोन तंतू समांतर पडलेले, समोरासमोरच्या पेशींना फुगवटे आलेले, फुगवटे भिडून आडव्या नळ्या झालेल्या, अशी सगळी शिडीच उभी राहते. एका बाजूच्या पेशींतला ऐवज आक्रसतो आणि नळीतून पलीकडे सरकतो. शेवटी एका तंतूच्या पेशी रिकाम्या उरतात आणि दुसऱ्याच्या प्रत्येक पेशीत एकेक तपकिरी, टणक गोळा बसलेला असतो. दोन्ही तंतू दिसायला सारखेच. एक गेला, दुसरा थांबला, एवढाच फरक.

यानंतरची मोठी नोंद बर्लिनच्या नाथानाएल प्रिंग्सहाइम यांची. 1855-56 च्या सुमारास त्यांनी व्होशेरिया आणि इडोगोनियम या शेवाळांत पुंपेशी अंडपेशीत शिरताना पाहिली. प्राण्यांमध्ये शुक्रपेशी आणि अंडपेशी यांची केंद्रकं एकरूप होतात, हे ओस्कार हेर्टविग यांनी सागरी अर्चिनमध्ये दाखवलं ते 1876 साली. म्हणजे फलनासारखी गोष्ट माणसाला बऱ्याच अंशी डबक्यातल्या शेवाळाने शिकवली. प्रिंग्सहाइम यांनीच 1869 मध्ये पँडोरिना या शेवाळात आणखी एक गोष्ट पाहिली. तिथे एकत्र येणाऱ्या दोन्ही पोहत्या पेशी जवळजवळ सारख्या होत्या. नर कुठला, मादी कुठली, हे सांगता येत नव्हतं.

इथे एक विलक्षण मालिका हाती लागली. क्लॅमिडोमोनास ही दोन कशाभिकांची एकटी पेशी आणि तिचे युग्मक, म्हणजे मिलनासाठीच्या पेशी, सारख्या आकाराचे. गोनियम आणि पँडोरिना या पेशींच्या छोट्या वसाहती, युग्मक तिथेही जवळपास सारखे. युडोरिना आणि प्लिओडोरिनामध्ये लहान आणि मोठे युग्मक वेगळे पडलेले. व्हॉल्व्हॉक्स तर दोन-दोन हजार पेशींचा फिरता गोल, त्यात ठसठशीत अंडपेशी आणि सुयांसारख्या पुंपेशींच्या जुड्या. एकाच गोतावळ्यात समान युग्मकांपासून नर-मादीपर्यंतच्या सगळ्या अवस्था आजही जिवंत आहेत.

भारतात ही मालिका अभ्यासली मद्रासच्या मंडयम ओसुरी पार्थसारथी अय्यंगार यांनी. 1886 मध्ये जन्मलेले अय्यंगार लंडनला फ्रिट्श यांच्याकडे संशोधन करून आले आणि मद्रास विद्यापीठात त्यांनी शैवालशास्त्राची परंपरा उभी केली. पावसाच्या आटत्या डबक्यांतल्या ओल्या गाळावर वाढणारं एक शेवाळ त्यांना सापडलं. 1932 साली त्याला त्यांनी गुरूचं नाव दिलं: फ्रिट्शिएला ट्यूबरोसा. त्याला गाठी असतात आणि गाळ वाळला तरी त्या टिकून राहतात. पुढच्याच वर्षी त्यांनी दक्षिण भारतातल्या वसाहती करणाऱ्या शेवाळांवर दीर्घ निबंध लिहिला. त्यात व्हॉल्व्हॉक्स कार्टेरीचा एक प्रकार होता, ‘नागरीएन्सिस’. नागरी हे मद्रासजवळचं, आज आंध्र प्रदेशात असलेलं गाव. हे नाव पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत जाणार होतं.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने पुढे शैवालांवर ग्रंथमालाच काढली. त्यातला स्पायरोगायराच्या कुळावरचा ‘झिग्नेमेसी’ हा ग्रंथ 1959 साली मोहिंदरसिंग रंधावा यांनी लिहिला. रंधावा आयसीएस अधिकारी. फाळणीच्या काळात ते दिल्लीचे उपायुक्त होते. जिल्ह्याचा कारभार बघता बघता त्यांनी शेवाळं गोळा केली आणि कुमाऊंमधून सिरोक्लेडियम हे नवं वंशनाम 1941 मध्ये प्रसिद्ध केलं. याच मालेत 1981 साली ‘इडोगोनिएलीस’ हा साडेसातशे पानांचा ग्रंथ आला. तो मुंबईच्या एला गोन्साल्विस यांचा.

गोन्साल्विस बाईंचं काम महाराष्ट्राला जवळचं. 1946 मध्ये त्यांनी आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तलावात ऋतूंनुसार कोणतं शेवाळ येतं आणि कोणतं जातं याचा अभ्यास मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. असा अभ्यास चिकाटीचा असतो, कारण इडोगोनियम आणि स्पायरोगायरा ही शेवाळं साध्या अवस्थेत आपली जात सांगत नाहीत. नुसता हिरवा तंतू पाहून फार तर वंश कळतो. अंडपेशीचा आकार, कवचावरची नक्षी, तोंड कुठे उघडतं, हे दिसल्याशिवाय प्रजातीचं नाव लिहिता येत नाही. इडोगोनियमच्या काही प्रजातींत तर नर वेगळाच असतो. तो मादी तंतूला चिकटून वाढणारा, दोन-चार पेशींचा बुटका तंतू असतो. तोही त्याच वेळी नमुन्यात सापडायला हवा. म्हणून शैवालशास्त्रज्ञाला शेवाळ मिलनाला येईपर्यंत थांबावं लागतं. एन. डी. कामत यांनी 1963 मध्ये कोल्हापूरच्या आणि 1974 मध्ये मराठवाड्याच्या शैवालांची नोंद प्रसिद्ध केली. असल्या याद्यांतली तंतुमय शेवाळांची बरीच नावं याच प्रतीक्षेतून येतात.

इकडे या याद्या तयार होण्याच्या कितीतरी आधीच युरोपात प्रश्न पुढे सरकला होता. मिलन होतं हे ठीक, पण कोण कोणाशी जुळेल हे ठरवतं कोण? प्राग इथल्या आडोल्फ पाशर यांनी 1916 च्या सुमारास क्लॅमिडोमोनासचे संकर करून दाखवलं की या एकपेशी जीवातही गुण मेंडेलच्या नियमाने वाटले जातात. हा जीव आनुवंशिकीसाठी सोयीचा होता. पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे कोणताही गुण दुसऱ्याच्या आड लपत नाही. युग्मनज, म्हणजे दोन युग्मक मिळून झालेली पेशी, फुटला की त्यातून निघालेल्या पेशी एकेक करून वेगळ्या वाढवता येतात. कोणाकडे काय गेलं याचा हिशेब डोळ्यांसमोर असतो.

हा हिशेब आकर्षक होता आणि तिथेच फ्रान्स मोएवूस घसरले. 1908 साली जन्मलेले मोएवूस बर्लिनला माक्स हार्टमान यांच्या हाताखाली तयार झाले. हार्टमान यांचं मत होतं की नरपणा आणि मादीपणा ही टोकं नसून चढती-उतरती प्रमाणं आहेत, एकच पेशी एकाशी नर तर दुसऱ्याशी मादी ठरू शकते. मोएवूस यांनी क्लॅमिडोमोनासवर प्रयोग करून नेमकं तेच सापडल्याचं जाहीर केलं. पुढे हायडेलबर्गला रिशार्ड कून यांच्याबरोबर त्यांनी आणखी मोठा दावा केला. केशराच्या रंगद्रव्याशी नातं असलेली संयुगं पेशीला पोहायला लावतात, नर किंवा मादी करतात, आणि प्रत्येक संयुगामागे एकेक जनुक आहे, असा तो दावा. कून यांना 1938 चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालेलं. त्यामुळे या कामाला वजन आलं. जनुकं रसायनं घडवतात आणि रसायनं जीव घडवतात, ही साखळी पहिल्यांदा पूर्ण झाल्यासारखं अनेकांना वाटलं.

शंका आली ती गणितातून. 1939 मध्ये उर्सुला फिलिप आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. मोएवूस यांचे आकडे सिद्धांताशी इतके चोख जुळतात की खऱ्या प्रयोगात असं घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य, हा त्याचा मथितार्थ. खऱ्या मोजणीत थोडी ओढाताण असतेच. इथे ती नव्हती. हे हाल्डेन पुढे 1957 मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

तरीही मोएवूस यांचा पक्ष घेणारे मोठे लोक होते. अखेर कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रान्सिस रायन यांनी त्यांना न्यूयॉर्कला बोलावलं आणि प्रयोग समोर करून दाखवायला सांगितलं. 1954 च्या उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या प्रात्यक्षिकात, पेशींची हालचाल थांबवण्यासाठी द्रावणात आयोडीन मिसळल्याचा ठपका त्यांच्यावर आला. 1955 मध्ये रायन यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की मोएवूस यांचे प्रयोग पुन्हा करून पाहता आले नाहीत. 1959 मध्ये मोएवूस वारले. त्यांच्या कल्पनेत तथ्य नव्हतं असं नाही. शेवाळाचं लिंग जनुकं ठरवतात आणि रसायनं त्यात भाग घेतात, हे पुढे खरंच ठरलं. पण डबकं जेव्हा उत्तर देईल तेव्हा देईल, इतका धीर त्यांना नव्हता.

तो धीर स्टॅनफर्डच्या गिल्बर्ट मॉर्गन स्मिथ यांच्याकडे होता. 1945 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्टजवळच्या बटाट्याच्या शेतातली माती त्यांनी घेतली आणि त्यातून क्लॅमिडोमोनास राइनहार्टी वेगळं केलं. जगभरच्या प्रयोगशाळांतले या शेवाळाचे बहुतेक प्रमाण वाण त्याच मातीतल्या एका युग्मनजाचे वंशज मानले जातात. स्मिथ आणि रेग्नरी यांनी 1950 मध्ये दाखवलं की इथे चढती-उतरती प्रमाणं वगैरे काही नाहीत. दोनच पक्ष आहेत, अधिक आणि उणे. एका युग्मनजातून चार पेशी निघाल्या तर दोन अधिक, दोन उणे. सगळं एका ठिकाणच्या जनुकीय फरकावर चालतं.

नंतरची दशकं फलदायी ठरली. 1954 मध्ये रूथ सेजर यांनी स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारं क्लॅमिडोमोनास अभ्यासलं. तो गुण मेंडेलच्या नियमाने वाटला जात नव्हता, फक्त अधिक पालकाकडून सगळ्या संततीत जात होता. कारण तो केंद्रकात नव्हता, हरितलवकात होता. दोन्ही युग्मक सारखे दिसत असले तरी युग्मनजात उणे बाजूच्या हरितलवकाचं डीएनए नष्ट केलं जातं. तंतुकणिकांचं डीएनए मात्र उणे बाजूकडून येतं. आकारात समानता आणि वारशात वाटणी. त्याच वर्षी सेजर आणि सॅम ग्रॅनिक यांनी आणखी एक कळ हाती दिली. माध्यमातला नत्र संपला की क्लॅमिडोमोनासच्या साध्या पेशी युग्मक होतात. नत्र परत दिला की पुन्हा साध्या होतात.

पक्ष ठरवणारं जनुक सापडलं ते चाळीस वर्षांनी. पॅट्रिक फेरिस आणि अर्सुला गुडइनफ यांनी 1994 मध्ये त्या जागेचं डीएनए उलगडलं आणि 1997 मध्ये ‘मिड’ नावाचं जनुक दाखवलं. ते फक्त उणे पेशींत असतं. उणे पेशीत ते बिघडलं तर ती अधिकसारखी वागू लागते. हे जनुक ज्या घराण्यातलं आहे त्यातली इतर जनुकं नत्राच्या व्यवहाराशी जोडलेली आहेत. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी येण्यासाठी लागणारं ‘निन’ जनुक याच घराण्यातलं. तेलगावच्या शिवारातल्या हरभऱ्याची मुळं आणि शेजारच्या डबक्यातल्या शेवाळाचं लिंग यांच्यात एवढं जुनं नातं आहे, आणि ते भुकेच्या बाजूचं आहे.

नर-मादीचा उगम मात्र व्हॉल्व्हॉक्सने सांगितला, आणि तोही अय्यंगारांच्या नागरीएन्सिसने. अमेरिकेच्या रिचर्ड स्टार यांनी 1969 मध्ये जपानमधून मिळवलेल्या त्याच प्रकारच्या नर आणि मादी वाणांचं जीवनचक्र मांडलं. हा व्हॉल्व्हॉक्स एरवी अलैंगिक पद्धतीने वाढतो. पण पाण्यात एक विशिष्ट ग्लायकोप्रथिन आलं की पुढची पिढी अंडपेशी आणि पुंपेशी घेऊन जन्मते. स्टार आणि लोथार येनिके यांनी ते शुद्ध केलं तेव्हा कल्पनेपलीकडच्या सूक्ष्म प्रमाणातही ते काम करताना दिसलं. ते पहिल्यांदा तयार कशाने होतं, हे डेव्हिड आणि मेरिलिन कर्क यांनी 1986 मध्ये दाखवलं. उष्णतेने. अलैंगिक गोलांना थोडा वेळ चढं तापमान दिलं की त्यांच्या साध्या पेशी ते प्रथिन करू लागतात. उथळ पाणी उन्हाळ्यात तापतं आणि तापणारं पाणी लवकरच आटणार असतं. व्हॉल्व्हॉक्स पाणी आटायची वाट बघत नाही, ते तापताच तयारीला लागतो. 2004 मध्ये ऑरोरा नेडेल्कू आणि सहकाऱ्यांनी यामागे पेशीतला ऑक्सिडीकरणाचा ताण असल्याचा पुरावा दिला.

मग 2006 मध्ये जपानच्या हिसायोशी नोझाकी यांच्या गटाने प्लिओडोरिनामध्ये फक्त नरांत असणारं एक जनुक शोधलं. ते क्लॅमिडोमोनासच्या ‘मिड’चंच भावंड निघालं. म्हणजे समान युग्मकांच्या काळातला ‘उणे’ पक्ष हाच पुढे नर झाला. 2010 मध्ये व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी नागरीएन्सिसचा संपूर्ण जीनोम वाचला गेला आणि त्याच वर्षी फेरिस, जेम्स युमेन आणि सहकाऱ्यांनी त्याचा लिंगनिश्चितीचा प्रदेश उलगडला. तो क्लॅमिडोमोनासच्या तुलनेत कितीतरी पटींनी फुगलेला होता आणि त्यात नवी जनुकं येऊन बसली होती. युडोरिनात मात्र असा प्रदेश पुढे लहानच आढळला, तेव्हा फुगणं हीच अट नव्हती. 2014 मध्ये युमेन यांच्या गटाने मादी व्हॉल्व्हॉक्समध्ये ‘मिड’ चालू केलं. जिथे अंडपेशी व्हायच्या तिथे पुंपेशींच्या जुड्या झाल्या. नराचं ‘मिड’ दाबलं तेव्हा उलट झालं.

दोन सारख्या युग्मकांतून लहान आणि मोठे का वेगळे झाले, याचं गणित पार्कर, बेकर आणि स्मिथ (हे स्टॅनफर्डचे नव्हेत) यांनी 1972 मध्ये मांडलं. मोठा युग्मक संततीला शिदोरी देतो, लहान युग्मक संख्येच्या बळावर जोडीदार गाठतो, मधल्या आकाराचा दोन्हीकडे कमी पडतो. वाळत्या चिखलात महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या युग्मनजाला शिदोरीची गरज किती, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगायला नको.

नर आणि मादी हा सृष्टीचा पहिला नियम असल्यासारखं आपण बोलतो. हिरव्या शेवाळाच्या या वंशावळीत क्रम वेगळा निघतो. आधी टंचाई आणि तिच्यावर तोड म्हणून दोघांचं एकत्र येणं. कोण कोणाशी जुळेल याचे दोन पक्ष. आणि त्या पक्षांवर कलम केलेले नर-मादी, तेही फक्त काही शाखांत. क्लॅमिडोमोनास आणि व्हॉल्व्हॉक्स यांचे पूर्वज सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असा अंदाज आहे. तेव्हापासून क्लॅमिडोमोनास दोन सारख्या पक्षांवरच थांबलेलं आहे आणि नर-मादीवाचून त्याचं काही अडलेलं नाही.